बायोडाटा लग्नाचा नव्हे, नोकरीचा



आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की आधी लग्नच आठवतं. वर श्री गणेशाय नमः, खाली जन्मवेळ, रास, नाडी, उंची, रंग, मामांचं गाव, भावांच्या नोकऱ्या आणि शेवटी अपेक्षा. नोकरीचा बायोडाटा लिहायला बसलं तरी डोळ्यांसमोर तोच कागद येतो. मग पतसंस्थेत लिपिकाची जागा निघाली की अर्जात जात येते, रक्तगट येतो, मालकांचा व्यवसाय येतो, सासऱ्यांच्या नावावरची शेतीसुद्धा येते. आणि गेली सहा वर्षं बचत गटाचा सगळा हिशेब ही बाई एकटी लिहितेय, ही ओळ मात्र कुठंच नसते. आज बोलायचंय ते त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल.

आपल्या कोयनानगर, हेळवाक, पाटण भागात बारावी झालेल्या, बी.ए. झालेल्या सुना घरोघर आहेत. शिक्षण झालं, लग्न झालं, मुलं झाली, आता मुलं शाळेत जायला लागली. पाटणला नाहीतर कराडला एखाद्या पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात, इथल्याच एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर काम मिळालं तर हवंय. जागा निघतात, अर्जही जातात, पण बोलावणं येत नाही. तिकडं ओळख चालते, हे मी नाकारत नाही. पण बरेच अर्ज ओळखीपर्यंतही पोचत नाहीत. वाचणाऱ्याला हवं होतं ते पहिल्या अर्ध्या पानात दिसलं नाही की कागद बाजूला पडतो.

एकच अर्ज लिहून त्याच्या वीस झेरॉक्स काढायच्या आणि मिळेल तिथं द्यायच्या, हा आपला नेहमीचा रिवाज. ब्लाउज शिवताना आपण असं करतो का? कापड तेच असलं तरी माप ज्याचं त्याचं घ्यावं लागतं. अर्जाचं माप जाहिरातीत दिलेलं असतं.

ही युक्ती आजची नाही. मोनालिसाचं चित्र काढणारा लिओनार्दो दा विंची तुम्ही ऐकला असेल. तरुणपणी, साधारण १४८२ च्या सुमारास, त्यानं मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागायला एक पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. मिलानला तेव्हा काळजी लढायांची. म्हणून ह्या पठ्ठ्यानं आधी काय लिहिलं, तर मला उचलून नेता येतील असे हलके पूल बांधता येतात, खंदकातलं पाणी काढता येतं, तोफा करता येतात, झाकलेल्या गाड्या करता येतात. अशी लांबलचक यादी. चित्रं काढता येतात हे अगदी शेवटी शेवटी. एवढा मोठा चित्रकार, पण समोरच्याला काय हवंय ते त्यानं आधी ओळखलं. खोटं मात्र लिहायचं नाही हं, क्रम बदलायचा.

आता आपल्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, एक ताई आहेत. बारावी कॉमर्स, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए., एमएस-सीआयटी झालेलं. लग्नाआधी एक वर्ष औषधाच्या दुकानात काउंटरवर बसत होत्या. लग्न होऊन इकडं आल्या. सहा वर्षं गटाच्या सचिव आहेत. गटात बाराजणी, महिना प्रत्येकी २०० रुपये बचत. त्यांना विचारलं, अनुभव काय? तर म्हणतात, "कुठला अनुभव बाई, घरीच असते."

बोटं मोडून बघू. बाराजणींचे महिन्याला २,४०० रुपये. सहा वर्षांचे ७२ महिने. म्हणजे नुसती बचतच १ लाख ७२ हजार ८०० रुपये. त्यावर अंतर्गत कर्जं, त्यांचं व्याज, बँकेचं कर्ज, त्याचे हप्ते. ही सगळी रक्कम त्यांच्या अक्षरात रोकड वहीत चढली, खतावणीत गेली, सभासदांच्या पासबुकात गेली आणि बँकेच्या पासबुकाशी जुळली. दर बैठकीचं इतिवृत्त त्यांनी लिहिलं, ठराव लिहिले, सह्या घेतल्या. पंचसूत्रीत हिशेब लिहिणं हे एक सूत्रच आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण ऑफिसात ह्याच कामाला पगार देतात.

ह्या ताईंसमोर तीन जाहिराती आहेत असं धरू.

पहिली पतसंस्थेची. लिपिक पाहिजे, पदवीधर, रोख व्यवहाराचा अनुभव आणि टॅली येणाऱ्यास प्राधान्य. इथं ताईंनी नाव-पत्ता झाल्यावर लगेच गटाचा हिशेब लिहावा. सभासद किती, दरमहा रोख किती हाताळली जाते, कोणकोणत्या वह्या लिहिल्या, बँकेत भरणा कोण करतं. आकडे घालावेत. "हिशेबाचा चांगला अनुभव आहे" ह्या वाक्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. "सहा वर्षे, बारा सभासद, दरमहा बँक पासबुकाशी ताळमेळ" एवढं लिहिलं तर कळतं. दुकानातला काउंटरही इथं उपयोगी, कारण तिथंही पैसे मोजून घेतलेत. बी.ए. असली तरी बारावी कॉमर्स हे ठळक लिहावं. टॅली येत नसेल तर लिहू नये. वर्ग लावला असेल तर "टॅलीचा वर्ग सुरू आहे" असं लिहावं, पण खरंच लावला असेल तरच. पहिल्याच दिवशी संगणकासमोर बसवलं तर काय करणार?

दुसरी जाहिरात कराडच्या एका दवाखान्याची. केसपेपर काउंटरवर बाई पाहिजे. इथं खतावणी कोण विचारतंय! इथं औषधाचं दुकान वर येईल. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून औषध काढून द्यायला हाताखाली होत्या, गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, बिल करत होत्या. मग गटातलं कोणतं काम? बाराजणींना जमवणं, हप्ता थकलेल्या बाईशी भांडण न करता बोलणं, वयस्कर सभासदाला फॉर्म भरून देणं. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर हेच असतं. हिशेबाची एक ओळ खाली पुरे.

तिसरी एका संस्थेची. माहिती भरण्यासाठी आणि पत्रव्यवहारासाठी मदतनीस हवी. इथं एमएस-सीआयटी वर, मराठी टायपिंग येत असेल तर त्याचा वेग, मग इतिवृत्त आणि ठराव लिहिल्याचं. गटाच्या नोंदी लोकओएस अ‍ॅपवर भरायला कोणी मदत केली असेल तर ते नक्की लिहा. तो सरळ सरळ संगणकाच्या नोंदींचा अनुभव आहे.

बघा, बाई तीच, खरं तेच, पण तीन कागद वेगळे झाले. ह्यासाठी घरी एक मोठा कागद करून ठेवायचा. त्यात आपण आजवर केलेलं सगळं लिहायचं, अगदी यात्रेतल्या स्टॉलचा हिशेब, शाळेच्या व्यवस्थापन समितीचं काम, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात एखाद्या कार्यालयात काढलेले सहा महिने, काहीही. हा कागद कुणाला द्यायचा नाही. जाहिरात आली की ती शेजारी ठेवायची, तिच्यातल्या मागणीच्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि मोठ्या कागदातून जुळणारं तेवढं उचलायचं. शब्दही जाहिरातीचेच वापरायचे. त्यांनी "रोखपाल" म्हटलं असेल तर आपणही रोख म्हणायचं. कागद एक, फार तर दोन.

बायोडाट्याबरोबर अर्जाचं पत्र लागतं. इथं आपल्या बायका एक वाक्य हमखास लिहितात, "माझी परिस्थिती हलाखीची असून आपण मला नोकरी दिल्यास आपले उपकार विसरणार नाही." हे मला अजिबात पटत नाही. वाचणाऱ्याला दया येत असेलही, पण त्याला हवा असतो रोकड जुळवणारा माणूस. आपण काम देऊ करतोय, ते सांगायचं. एक नमुना वाचून दाखवते, हवा तर लिहून घ्या.

"प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय : लिपिक पदासाठी अर्ज. महोदय, अमुक तारखेच्या वर्तमानपत्रातील आपल्या जाहिरातीनुसार मी हा अर्ज करीत आहे. मी बी.ए. असून बारावी वाणिज्य शाखेतून व एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. गेली सहा वर्षे बारा सभासदांच्या बचत गटाची सचिव म्हणून रोकड वही, खतावणी व इतिवृत्त लिहीत आहे. बँकेत भरणा करणे, कर्जहप्त्यांची नोंद ठेवणे व दरमहा पासबुकाशी हिशेब जुळवणे ही कामे मी स्वतः करते. मी कोयनानगर येथे राहते व कार्यालयाच्या वेळेत येण्या-जाण्याची सोय केली आहे. मुलाखतीस बोलावल्यास मूळ कागदपत्रांसह हजर राहीन. आपली विश्वासू."

संपलं. ह्याहून मोठं नको.

येण्या-जाण्याचं ते एक वाक्य मुद्दाम घातलंय. पत्ता कोयनानगरचा दिसला की कराडचा माणूस पहिली शंका हीच काढतो, ही बाई पावसाळ्यात रोज पोचणार कशी? चांगल्या पावसाच्या वर्षी आपल्याकडं ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून आधी घरात बसून ठरवा. कोणती एसटी, परतीची कोणती, मुलं शाळेतून आल्यावर कोणाकडं. ठरलं असेल तर तसं लिहा. ठरलं नसेल तर ते वाक्य लिहू नका आणि अर्जही लांबचा करू नका, जवळचा करा.

मधली रिकामी वर्षं, हा सगळ्यांचा धाक. लग्नानंतर पाच-सात वर्षं काही केलं नाही, ते कसं दाखवायचं? लपवायचं नाही. "ह्या काळात घर व मुलांची जबाबदारी, बचत गटाची सचिव" एवढी एक ओळ पुरते. काहीजणी ओळखीच्या दुकानाचं खोटं अनुभवपत्र आणतात. त्या दुकानदाराला एक फोन गेला की सगळं उघडं पडतं, आणि खरा अनुभवही त्याबरोबर वाया जातो. त्यापेक्षा खरं पत्र मिळवा. गटाच्या बैठकीत ठराव घ्या, अध्यक्षा आणि ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांच्या सहीनं पत्र घ्या, की ह्या अमुक सालापासून सचिव आहेत आणि ह्या ह्या वह्या लिहितात. हे पत्र खाजगी ठिकाणी चांगलं चालतं. सरकारी भरतीत जिथं ठरावीक अनुभव मागितलेला असतो, तिथं ते धरतील असं समजू नका.

आणि एक, गटाची वही मुलाखतीला नेऊ नका. त्यात कोणी किती कर्ज घेतलं, कोणाचं थकलं, हे आहे. आपली नोकरी व्हावी म्हणून दुसरीच्या घरातलं उघडं करायचं नाही. अक्षर बघायचं असेल तर समोर बसून लिहून दाखवू, म्हणावं.

आता टायपिंग करून देणाऱ्या दुकानाकडे वळू. तिथं एक ठरलेला नमुना असतो, बहुतेक इंग्रजीत. वर आव्हानात्मक पद मिळवण्याचं ध्येय, खाली छंद म्हणून वाचन, प्रवास आणि संगीत. नाव तेवढं बदलून देतात. कधी कधी आधीच्या गिऱ्हाइकाची जन्मतारीखही तशीच राहते. मुलाखतीला समोरच्यानं त्यातलंच वाक्य वाचून अर्थ विचारला तर बाई गप्प! जाहिरात मराठीत असेल तर अर्ज मराठीतच करा. दुकानात आपला कागद लिहून न्या, "हा असाच टाइप करा" म्हणून सांगा आणि पैसे द्यायच्या आधी ओळ न् ओळ वाचा. बायोडाट्यावर आपला स्वतःचा मोबाइल नंबर घाला. दिराचा किंवा दुकानदाराचा घातला तर बोलावण्याचा निरोप तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. ईमेलचा पासवर्डही आपल्याच वहीत हवा. मूळ गुणपत्रिका कुणाकडं ठेवायला देऊ नका. झेरॉक्सवर आपली सही करून द्या. आणि नोकरी देण्यासाठी कोणी फोनवर नोंदणीचे पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या.

हे झालं खाजगी कामाचं. सरकारी भरतीचं गणित वेगळं. तिथं कागद सजवून उपयोग नाही, तिथं ऑनलाइन फॉर्म असतो आणि परीक्षा असते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला परीक्षा शुल्क १,००० रुपये. एवढ्या गर्दीत तुमची मेहनत कोणी वाचत बसत नाही, फॉर्ममध्ये तुम्ही काय निवडलं तेवढंच बघतात. म्हणून तिथं लक्ष द्यायचं ते हक्काच्या चौकटींकडे.

गट क च्या पदांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचबरोबर प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आणि भूकंपग्रस्तांना २ टक्के. आपल्या खोऱ्यात ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवसागरच्या पाण्याखाली कोणाची गावं गेली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोणाची घरं पडली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कितीतरी घरांत तो दाखला ट्रंकेत पडून असतो आणि सुनेला, नातीला ठाऊकच नसतं. दाखला कोणाच्या नावावर आहे, घरातल्या कोणी त्यावर आधी नोकरी घेतली आहे का, तुमचं नाव त्यात लागू शकतं का, हे जाहिरात येण्याआधी विचारून ठेवा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून खात्री करून घ्या. फॉर्म भरताना ही चौकट "नाही" अशी राहिली, तर नंतर दाखला दाखवून उपयोग होत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची अट होती, ती ४ मे २०२३ च्या शासन निर्णयानं काढली. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांतून अर्ज करणाऱ्यांना मात्र आपला दाखला लागतोच, आणि त्याची मुदत बघायला विसरू नका.

लिपिक-टंकलेखक पदासाठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं. ही परीक्षा आता संगणकावर होते. त्याला महिने लागतात, जाहिरात आल्यावर वर्ग लावून चालत नाही.

नावाचा घोळ तर आपल्या बायकांच्याच वाट्याला. दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, बँकेत तिसरंच. फॉर्म भरताना जाहिरातीत कोणतं नाव घालायला सांगितलंय ते वाचा. बहुतेक वेळा दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव मागतात आणि नाव बदललंय का ते पुढं वेगळं विचारतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते आधी काढा. गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. हे काम पंधरा दिवसांत होईल असं धरून बसू नका. ज्यांची लेक आत्ता बारावीला आहे, त्यांनी लेकीचं आधार आणि शाळेचा दाखला आत्ताच शेजारी ठेवून बघावा. एक वेलांटी चुकलेली असली तरी आत्ता दुरुस्त करणं सोपं.

आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. साऱ्या महाराष्ट्राला वीज देणारं आपलं गाव, पण पावसात लाइट गेली की फॉर्म अर्ध्यावर राहतो तो राहतोच. फॉर्म भरला की त्याची प्रिंट आणि पैसे भरल्याची पावती त्याच फाइलला लावा. खाजगी अर्जाचीही एक प्रत स्वतःजवळ ठेवा, मागं जाहिरातीचं कात्रण टाचून. तीन जागी तीन वेगळे कागद दिले असतील तर कोणाला काय लिहून दिलंय, ते मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचावं लागतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत वसुली झाली की अर्धा तास ह्यासाठी काढा. दोघी-दोघी बसा. एकीनं जाहिरात वाचायची, दुसरीनं सांगायचं की मी ह्यातलं काय केलंय. आपण स्वतःबद्दल सांगताना कमीच सांगतो, शेजारीण बरोबर आठवण करून देते, "अगं, बँकेचं कर्ज आलं तेव्हा सगळे कागद तूच केले होतेस की!" ते लगेच लिहून घ्या.

मुलाखतीत काय विचारतात आणि पगाराचं कसं बोलायचं, ते पुढच्या भागात बघू. तोवर एखादी जाहिरात कापून ठेवा. नमस्कार.